कडेने पळणारा वस्तरा

“बटण एकदा दाबलं तर ते एकदाच दाबलं गेलं पाहिजे की नको? गिऱ्हाईक म्हणालं ‘थोडे कमी करा’, आणि आपण त्याचं टक्कल करून ठेवलं, त्यातली गत ही.”

माझ्या कानापासून दोन हातांवर बसून आमचे हे कुरकुरत होते. मी शिलाई मशीनवर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते. आमची मागची खोली एवढीशीच. एका भिंतीला माझं मशीन, समोर टीव्ही, मधे सोफा, आणि पडदा सारला की पलीकडे दुकान. दुकान म्हणजे सलून. तीन आरसे, दोन खुर्च्या, अठ्ठावीस वर्षं. दुपारी एक ते चार ते बंद असतं. त्या तीन तासांत पूर्वी हे घोरायचे. हल्ली फुटबॉल खेळतात. सोफ्यावर बसून.

“रिमोट जुना झालाय, बाबा,” लेक म्हणाली.

“तूच सांगितलंस ना, याला रिमोट म्हणायचं नाही म्हणून?”

“कंट्रोलर जुना झालाय.”

फार चटकन म्हणाली ती. एरवी ही मुलगी बापाचं कुठलंही म्हणणं वाद घातल्याशिवाय मान्य करत नाही. बाहेर पाऊस आहे असं त्यांनी सांगितलं तरी खिडकीतून हात काढून बघेल. आणि आज बटण खराब म्हटल्याबरोबर ‘हो’. मी पँटवरून मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे.

हा गेम खरं तर तिचा. तिने आणला तेव्हा ह्यांनी नाक मुरडलं होतं. “काचेतली माणसं पळवायची आणि घाम मात्र आपण पुसायचा!” मग एका दुपारी तिला फोन आला, ती दुकानात जाऊन बोलत बसली, आणि परत येऊन बघते तर बाप नऊ-शून्यने हरलेला आणि कंट्रोलर सोडायला तयार नाही.

आठवड्याभरात त्यांनी संघच ताब्यात घेतला. त्या गेममध्ये खेळाडूंची नावं बदलता येतात, हे कळल्यावर तर विचारूच नका. डाव्या कडेला पळणाऱ्याचं नाव वस्तरा. उजव्या कडेचा कैची. गोलकीपर ॲप्रन, कारण अंगावर येईल ते झेलायचं. आणि मधे, गोलसमोर उभा राहणारा उंचच उंच गडी, त्याचं नाव गिऱ्हाईक.

“का हो?” मी विचारलं होतं.

“नुसता उभा राहतो, सगळं हातात आणून द्यावं लागतं आणि वर तोंड वाकडं करतो. आणखी काय म्हणायचं त्याला?”

ह्यांनी स्वतःकडे फक्त वस्तरा ठेवला. बाकीची टीम लेक सांभाळायची. बापलेक एका बाजूने, समोर मशीन. म्हणजे गेमचं मशीन. माझं मशीन कुणाच्याच बाजूने नसतं.

पहिलं भांडण झालं ते कामाच्या वाटणीवरून. कडेच्या खेळाडूला आधी काम नेमून द्यावं लागतं. एक काम म्हणजे रेघ धरून पळायचं, पार टोकाला जायचं आणि तिथून चेंडू मधल्या माणसाला द्यायचा. दुसरं काम असं, की निघायचं कडेनेच, पण अर्ध्या वाटेवर आत वळायचं आणि गोल आपणच मारायचा. ह्यांनी दोन्ही कडांना दुसरं काम नेमलं. मग काय, डावीकडून वस्तरा आत, उजवीकडून कैची आत, मधे गिऱ्हाईक आधीच उभं. तिघं एकमेकांच्या पायात पाय घालून उभे आणि समोरचे मजेत बघतायत.

“एका डोक्यावर तीन कारागीर!” लेक ओरडली. “बाबा, कडेला कोण आहे?”

“कडेला काय ठेवलंय? गोल मधे असतो.”

“अहो, सगळे मधे आले की त्यांचे अडवणारेही मधेच गोळा होतात. एकाने तरी कडेला राहून त्यांना तिकडे ओढायला नको का?”

ह्यांनी थोडा विचार केला. “म्हणजे गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचं आणि मान हवी तिकडे फिरवून घ्यायची.”

“तस्संच!”

“मग असं सांग ना नीट.”

कैची कडेला गेली. पण वस्तरा? नाव काढायचं नाही. वस्तरा आतच शिरणार आणि गोल स्वतःच मारणार. “सुरू केलेली दाढी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही,” हे म्हणाले, “आज नाही, कधी नाही.” वस्तऱ्याची वाट अगदीच अडली, तरच नाइलाजाने ते गिऱ्हाइकाकडे चेंडू टाकायचे. आणि सुरुवातीला सांगितली ती कुरकुर तिथली होती. ते बटण एकदा दाबलं की चेंडू उंच जातो, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. लागोपाठ दोनदा दाबलं तर जमिनीलगत सरपटत जातो. ह्यांचा दर वेळी सरपटतच जायचा, उंच गिऱ्हाइकाच्या पायांमधून, पार पलीकडे.

“मी एकदाच दाबतोय!”

दाबत एकदाच होते. त्यात त्यांचं काही खोटं नव्हतं.

आता आमच्या घरात तीन महिने जे चाललं होतं ते सांगते. सुरुवात बशीपासून झाली. चहा घेताना बशी वाजायला लागली. मी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी बशा माळ्यावर टाकल्या. “तडे गेलेत,” म्हटलं. एकीलाही तडा नव्हता. मोठे मग आणले आणि ते अर्धेच भरू लागले. मग हे वर्तमानपत्र हातात न धरता टेबलावर पसरून वाचू लागले. मग मी पाहिलं, हे नुसते बसलेले असले तरी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट आपलं एकमेकांवर घासत असतं. नोट खरी की खोटी ते चाचपतात ना, तसं. काम करू लागले की थोडं थांबायचं, आणि मग नेमकं नको तेव्हा पुन्हा सुरू.

लेकीनेही पाहिलं होतं. तिने काही न बोलता केस कापायच्या मशीनला नवी जाळी आणून लावली, म्हणजे कातडीला लागायला नको. कॉलेजची पोरं तशीही तिच्याच खुर्चीवर येतात. बाकीचे जुने लोकही हळूहळू ‘आज पोरीकडून बघू’ म्हणत तिकडे सरकले. दाढीला मात्र एकच जण उरले होते. मास्तर.

मास्तरांनी ह्यांना शाळेत गणित शिकवलं. दुकान उघडल्यापासून दर शनिवारी दहा वाजता पहिल्या खुर्चीवर मास्तर. केस असोत नसोत, दाढी वस्तऱ्याने आणि ह्यांच्याच हातची. दोन शनिवारांपूर्वी हनुवटीखाली कापलं. फार नाही, पण कापलं. ह्यांचा चेहरा असा झाला, की मी पडद्याआड मशीन थांबवलं.

“माझीच मान हलली,” मास्तर म्हणाले.

“तुमचीच हलली,” लेक म्हणाली.

तुरटी फिरवली, विषय संपला. मास्तरांची मान अठ्ठावीस वर्षांत कधी हलली नव्हती. ते खुर्चीवर बसले की देवळातल्या मूर्तीने शिकावं.

मग मागच्या शनिवारी मास्तरांनी निरोप पाठवला, पाय सुजलाय. आणि सोमवारी तेच मास्तर मला भाजी घेताना भेटले, दोन पिशव्या घेऊन तरातरा चाललेले. मला बघून ओशाळले.

“बाई, एक सांगतो. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केलीय. जरा कुठे लागलं की थांबत नाही म्हणतात. येत्या शनिवारी तर यायलाच हवं, नाहीतर त्याला संशय येईल. पण त्याला सांगू नका हं. मनाला लावून घेईल.”

म्हणजे बघा. ज्याच्या गळ्यावर वस्तरा फिरायचा तो म्हणतो सांगू नका. मी चार माणसांत कुणाचीही भीड न बाळगणारी बाई. शिलाई उसवली म्हणून भांडायला आलेल्यांना मी उसवून परत पाठवलंय. पण घरातल्या ह्या माणसासमोर उभी राहिले की जीभ टाळ्याला चिकटायची. अठ्ठावीस वर्षं ज्या हाताला लोक नावाजतात, त्या हाताबद्दल काय बोलायचं आणि कुठल्या तोंडाने? मी लेकीला सांगितलं, लेक म्हणाली “तू बोल.” मी म्हटलं, “तू बोल, तू लाडकी.” आणि शनिवार जवळ येत राहिला.

गुरुवारी दुपारी हे सोफ्यावर नव्हते. समोरच्या चष्मेवाल्या बाईंकडे गेले होते. त्यांच्या घरीही हाच गेम आहे. परत आले ते एक कोरा करकरीत कंट्रोलर घेऊन.

“चार दिवसांपूर्वीचा आहे. आता बघू बटणाची कशी बिशाद होते.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मशीनला तेल घालू लागले. सकाळीच घातलं होतं.

खेळ सुरू झाला. वस्तरा डावीकडून निघाला, वाट अडली, ह्यांनी बटण दाबलं. चेंडू सरपटत गेला. पुन्हा. सरपटत. तिसऱ्यांदा त्यांनी दात-ओठ खाऊन, अगदी हळू, एखाद्याच्या डोळ्यातला केस काढावा तसं दाबलं. सरपटत.

“हाही खराब,” लेक म्हणाली. “सगळे एकाच कंपनीचे ना.”

“आण तुझा इकडे. नको, तूच धर. हा नवा तू धर आणि तू टाक बघू.”

कंट्रोलर तिच्या हातात गेला. ती कैचीला घेऊन उजवीकडून पळाली, पार टोकाला गेली, आणि चेंडू टाकला. तोही सरपटत गेला.

“बघा!” ती म्हणाली. “माझाही तसाच जातोय. म्हटलं ना, खराब आहे.”

मी मान वर केली. टीव्हीचा आवाज बारीक होता आणि माझं मशीन बंद होतं, त्यामुळे मलाही ऐकू आलं होतं. टक-टक. दोनदा. मुद्दाम.

माझ्या पोटच्या पोरीला एवढं समजू नये? ज्या माणसाचं आयुष्य कैचीच्या आवाजावर गेलं, जो दुसऱ्या खुर्चीकडे पाठ करून उभा असतानाही सांगतो ‘कैचीचा स्क्रू सैल झालाय, आवळ’, त्याच्या शेजारी बसून तू बटण दोनदा दाबतेस आणि म्हणतेस एकदा दाबलं!

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. ती लहान असताना खाऊ लपवून हात मागे धरून उभी राहायची, तेव्हा बघायचे तसं. मग म्हणाले, “हं. खराबच दिसतोय. देऊन येतो परत.” आणि तो कंट्रोलर दोन्ही हातांनी धरून बाहेर गेले.

“कळलं का गं त्यांना?” लेकीने विचारलं.

“तुझ्या नाटकाचा पडदा आधी पडला आणि तू नंतर आलीस,” मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी खेळायला बसल्यावर ह्यांनी कुणाला न विचारता वस्तऱ्याचं काम बदललं. आत शिरणं बंद. रेघ धरून पळायचं आणि मधल्याला द्यायचा. लेक बघतच राहिली.

“बाबा? बरं वाटतंय ना?”

“गिऱ्हाईक ठेंगणं कर.”

“काय?”

“हा ताडमाड माणूस काय कामाचा? चेंडू खालून येणार असेल तर खालून घेणारा पाहिजे. एखादा बुटका, चपळ बघ. माझा चेंडू उंच जाणार नाही, हे धरून चाल.”

हे शेवटचं वाक्य ते अगदी सहज म्हणाले, ‘मीठ दे’ म्हणावं तसं. लेकीने मान खाली घालून गिऱ्हाईक ठेंगणं केलं. दहा मिनिटांत पहिला गोल झाला. वस्तरा रेघेवरून असा सुटला की दोन अडवणारे त्याच्यामागे कडेला आले, मधे मैदान मोकळं, चेंडू सरपटत आत, आणि ठेंगण्याने नुसता पाय लावला. मग दुसरा. मग तिसरा. पाच झाले. चष्मेवाल्या बाई खिडकीतून विचारू लागल्या, कोण आजारी आहे का, एवढा आरडाओरडा कसला.

“पाचही माझे हं, बाबा!” लेक नाचत होती. “तुमच्या नावावर शून्य.”

“शून्य कसं? तिथे बाजूला लिहिलंय बघ, दिले पाच. गोल कुणी मारला ते कुणीही वाचतं. दिला कुणी ते वाचायला अक्कल लागते.”

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं सुटलो. हे आता बोलणार. चार वाजले, हे उठले, दुकान उघडलं. बोलले नाहीत. संध्याकाळी दुकान आवरताना बघते, तर पहिल्या खुर्चीसमोर उद्यासाठी सगळं मांडलेलं. साबणाची वाटी, ब्रश, तुरटी, आणि पांढऱ्या फडक्यावर वस्तरा. त्यात नवं पातं.

म्हणजे टीव्हीत शहाणपण आणि दुकानात काय? मी फडकी चार वेळा घडी केली. लेक शेजारी येऊन पुटपुटली, “उद्या मास्तर बसले की तू आतून हाक मार. मशीनची सुई बोटात गेली म्हण.”

“मी का म्हणून बोट टोचून घेऊ? तू चक्कर येऊन पड.”

“माझ्या हातात कैची असेल, आई.”

शेवटी ठरलं ते सुईचंच.

शनिवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना मास्तर आले. गळ्याभोवती मफलर, अगदी कानापर्यंत. ह्यांनी खुर्ची झटकली. मी पडद्यामागे, हाक घशात तयार ठेवून. लेक दुसऱ्या खुर्चीपाशी रिकाम्या हवेत कैची चालवत होती.

“आज फक्त डोक्याला मालिश कर,” मास्तर म्हणाले. “दाढी नको.”

“का हो?”

“झाली.”

“झाली म्हणजे?”

ह्यांनी मफलर हळूच सोडला. मी पडदा बोटभर सारला होता. मास्तरांच्या गालावर कापसाचा एक बोळा, हनुवटीवर एक, गळ्याशी दोन. चारही लाल. मधे मधे खुंट तसेच राहिलेले. डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धा इंच वर.

“हे कुणी केलं?”

“कुणी म्हणजे... मीच. सकाळी हुक्की आली.”

“अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?”

“माणसाने स्वावलंबी असावं.”

“आणि हे रक्त थांबत का नाहीये, मास्तर?”

मास्तरांनी आरशात इकडे-तिकडे पाहिलं. त्यांना पडद्याच्या फटीत माझा डोळा दिसला. मी तो मिटला. त्याने काय साधणार होतं कोण जाणे.

“गोळी सुरू केलीय,” मास्तर म्हणाले. “पातळ करायची.”

“कधीपासून?”

“झाले... पंधरा दिवस.”

“आणि गोळी चालू असताना तुम्ही घरी, चष्म्याशिवाय, त्या न्हाणीघरातल्या तडकलेल्या आरशात बघून स्वतःचा गळा कापायला निघालात. पण मला ‘नको’ म्हणाला नाहीत.”

लेकीची हवेतली कैची थांबली. ह्यांनी कापसाचा एक बोळा काढला, नवा लावला आणि त्यावर अंगठा दाबून धरला. तो अंगठा तसाच, आपला आपण, चाललेला. मास्तरांच्या गालावर चाललेला. मास्तर आरशात बघत होते, लेक बघत होती, मीही बघत होते. आणि ह्या वेळी हेही बघत होते.

“मशीन बंद आहे,” हे आरशाकडे बघत म्हणाले. “म्हणजे ती पडद्यामागे उभी आहे. बाहेर ये गं. बोटात काही गेलं नसेल तर.”

मी बाहेर आले. सुई माझ्या हातात होती. पुरावा म्हणून आणली होती.

ह्यांनी पांढऱ्या फडक्यावरचा वस्तरा उचलला, मुठीकडची बाजू पुढे करून लेकीसमोर धरला. ती जागची हलली नाही.

“घे. उजवा कल्ला डाव्याएवढा वर घे, आणि खुंट राहिलेत ते काढ. बोळ्यांच्या जवळ जाऊ नकोस. मास्तरांची मान मी धरतो, आणि त्यांना बोलण्यात मीच गुंतवतो.”

“बाबा, तुम्हीच करा ना. आज जरा थंडी आहे, म्हणून...”

“थंडी नाही. बटणही खराब नाही. बशांनाही तडे गेलेले नाहीत,” हे म्हणाले. “माझा हात थरथरतो.”